रोप द्यावे, रोग देऊ नये
वनौषधी उद्यानांतील व्याधिप्रसार आणि आपली जबाबदारी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा आरंभ वैद्यमित्रांना नव्याने सांगावयास नको. पांचाल देशाची राजधानी कांपिल्य. ग्रीष्माचे अखेरचे दिवस. गंगातीरावरील वनातून फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्य अग्निवेशास सांगतात की, पुढे येणारी लक्षणे बरी दिसत नाहीत. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून घ्या. जनपदावर व्याधी कोसळतो तेव्हा ज्यांच्या बळावर आपण त्याला तोंड देणार, त्या वनस्पतीही हीनवीर्य होऊ लागतात, ही जाणीव या सूचनेमागे आहे. याच अध्यायात वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असल्याने त्यांच्या विकृतीने एकाच वेळी अनेकांना व्याधी होतो, असा सिद्धांत मांडला आहे.

मनुष्यांच्या साथींविषयी हा अध्याय आपण पुष्कळ वेळा वाचतो. आपल्या चिकित्सालयामागील वाफ्यांकडे, महाविद्यालयांच्या वनौषधी उद्यानांकडे आणि औषधनिर्मात्यांच्या लागवडीकडे पाहताना मात्र तो आपणास आठवत नाही. प्रस्तुत लेखकासही तो आठवला नव्हता. आठवला तेव्हा उशीर झाला होता. तो प्रसंग प्रथम निवेदन करतो.

एका बेण्याची कथा

माझ्या चिकित्सालयामागे चार-पाच गुंठे जागा आहे. अडुळसा, गुळवेल, शतावरी, निर्गुडी, तुळस, कोरफड, हळद व आले अशी नित्य लागणारी द्रव्ये तेथे लावलेली आहेत. शार्ङ्गधराने गुडूची, वासा, शतावरी इत्यादी काही द्रव्ये नेहमी आर्द्रच वापरावीत असे सांगितले आहे. त्यामुळे लहान का होईना, स्वतःची बाग असणे ही वैद्याची हौस नसून गरज आहे.

२०१६ सालच्या वैशाखात मी माझ्या वाफ्यातील आल्याचे बेणे सात-आठ वैद्यमित्रांना वाटले. त्यांत आमच्या भागातील एक ज्येष्ठ वैद्य होते. आम्ही सारे त्यांना अप्पा म्हणतो. त्यांची बाग तीस वर्षे जोपासलेली; आर्द्रक स्वरसासाठी लागणारे आले त्यांनी कधी बाजारातून आणले नव्हते. त्या वर्षी त्यांचे स्वतःचे बेणे कमी पडले म्हणून मी आग्रहाने दिले.

श्रावणात अप्पा एका पिशवीत आल्याचा उपटलेला गड्डा घेऊन माझ्याकडे आले. पानांच्या कडा तांबूस होऊन वळल्या होत्या, फुटवे मान टाकून पडले होते. निम्मा वाफा आठ-दहा दिवसांत असा झाला होता. आम्ही दोघे तो गड्डा घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तेथील तज्ज्ञांनी फुटव्याच्या बुंध्याचा दोन इंचांचा तुकडा स्वच्छ धुऊन कापला आणि काचेच्या पेल्यातील निवळ पाण्यात त्याचे टोक बुडेल असा धरला. काही मिनिटांतच कापलेल्या भागातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागले. हा जिवाणूजन्य मर रोग, असे त्यांनी सांगितले. राल्स्टोनिया नावाचा जिवाणू मुळांतून शिरतो, पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या अवरुद्ध करतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतो. एकदा लक्षणे दिसली की त्या गड्ड्यावर उपाय नाही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर हा स्रोतोरोध, आणि तोही असाध्य.

परतताना अप्पांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या वाफ्यात गेल्या वर्षी काही दिसलं नव्हतं का हो?"

दिसले होते. आदल्या भाद्रपदात माझ्या वाफ्याच्या कोपऱ्यातील दोन गड्डे असेच वाळले होते. पाणी साचले असेल असे समजून मी ते उपटले, खताच्या खड्ड्यात टाकले आणि विसरून गेलो. उरलेल्या वाफ्यातील गड्डे डोळ्यांना निरोगी दिसत होते, म्हणून त्यांचे बेणे केले. त्यांपैकी किती जणांकडे तो रोग गेला, हे पुढे हळूहळू कळत गेले. तिघांच्या बागांत तरी तो गेला. अप्पांच्या त्या वाफ्यात आजही आले लावता येत नाही.

रुग्णाला औषध देताना दहा प्रश्न विचारणारा मी, बेणे देताना स्वतःला एकही प्रश्न विचारला नव्हता.

चार भाव आणि वनस्पतींचे व्याधी

या घटनेनंतर कृषितज्ज्ञांकडून जे शिकलो व वाचले, ते विमानस्थानातील चार भावांच्या चौकटीत नीट बसते असे ध्यानात आले.

वायू : भुरी, तांबेरा यांसारख्या बुरशीजन्य रोगांचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. पावसाचे थेंब आणि वारा एकत्र आले की जिवाणूही एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे हे वायूचेच सोबती समजावेत. ते विषाणू आपल्या मुखातून एका पानावरून दुसऱ्या पानापर्यंत पोहोचवतात.

उदक : वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात वाहत जाणारे पाणी हा रोगाचा राजमार्ग होय. नागवेलीची मर घडविणाऱ्या फायटोफ्थोराचे चर बीजाणू तर पाण्यात अक्षरशः पोहतात. पानांवरून पाणी घालण्याच्या सवयीने पाने रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला रुजण्यास अवसर मिळतो. पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे, हा साधा नियम त्यासाठीच आहे.

देश : म्हणजे भूमी. मूळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तुळस, अश्वगंधा, हळद, आले अशा अनेक औषधींना पीडा देतात. हे कृमी स्वतःच्या बळावर वर्षभरात जेमतेम हात-दोन हात सरकतात. तरीही ते एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातात. कारण आपण त्यांना रोपाच्या पिशवीतील मातीतून, कुदळीला चिकटलेल्या ढेकळातून आणि पादत्राणांच्या तळव्यातून नेतो. आपल्याकडील पानमळ्यांत चपला बाहेर काढून आत जाण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. तिच्यामागे श्रद्धा आहे तशीच, नकळत का होईना, रोगाला दाराबाहेर ठेवण्याची सोयही आहे.

काल : वर्षाऋतूत आर्द्रता वाढते आणि बहुतेक रोग व्यक्त होतात. वैद्याच्या दृष्टीने येथील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, व्यक्त होण्यापूर्वीही रोग असतोच. सुश्रुताचार्यांनी संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद असे सहा क्रियाकाल सांगितले. आपण रोपे देतो-घेतो ती वैशाख-ज्येष्ठात, म्हणजे ज्या काळी व्याधी जणू संचयावस्थेत असतो आणि बेणे टवटवीत दिसते. लक्षणे श्रावण-भाद्रपदात दिसतात, तोवर रोप दुसऱ्याच्या अंगणात रुजलेले असते. म्हणूनच 'देताना निरोगी दिसत होते' हे समर्थन वैद्याला शोभत नाही. पूर्वरूपाचा विचार न करता केवळ आजच्या रूपावर निर्णय देणे ही चूक आपण रुग्णाच्या बाबतीत करत नाही.

पाचवे कारण : प्रज्ञापराध

वायू, उदक, देश व काल हे उत्तरोत्तर अधिक दुष्परिहार्य आहेत, असे चरकाचार्य सांगतात. वारा एकवेळ अडविता येईल, पण ऋतू थांबविता येत नाही. तथापि या चौघांच्याही विकृतीचे मूळ ते अखेर प्रज्ञापराधात दाखवितात. दोन बागांमधील रोगप्रसाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. वारा रोगाला कुंपणापलीकडे नेईल, पाणी उतारावर नेईल. पण एका गावातून दुसऱ्या गावात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तो जातो तो बहुधा मनुष्याच्या हातून. आणि हाच एक मार्ग असा आहे की जो आपण ठरविले तर मोठ्या प्रमाणात बंद करता येतो.

महाराष्ट्राने याचे मोठे मोल मोजले आहे. दाडिमाष्टक चूर्ण व दाडिमादि घृत ज्या फळावर अवलंबून, त्या डाळिंबावरील तेल्या रोगाची नोंद आपल्या देशात १९५२ साली दिल्ली परिसरात झाली होती. या शतकाच्या पहिल्या दशकात तो महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेशातील बागांत साथीसारखा पसरला. झँथोमोनास जिवाणूमुळे पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, फळे तडकतात. सोलापूर येथे डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ साली स्थापन झाले, त्याच्या कामात या रोगाचा अभ्यास अग्रस्थानी राहिला. बागेच्या आत हा रोग पावसाच्या उडणाऱ्या थेंबांनी व छाटणीच्या कात्रीने फिरतो. लांबच्या बागेत तो पोहोचतो तो मुख्यतः रोगट झाडावरून बांधलेल्या गुटी कलमांतून. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेले अथवा स्वस्तात मिळालेले कलम हेच त्याचे वाहन ठरले.

शोभेच्या झाडाने फळबागेचे नुकसान होऊ शकते, हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने अनुभवले. आपण जिला कुंती म्हणतो ती सुगंधी फुलांची कामिनी लिंबूवर्गीय झाडांच्याच कुळातील आहे. लिंबूवर्गावरील सिट्रस सिला नावाचा कीटक तेथे १९९८ साली आढळला, आणि दुकानांतून विकल्या जाणाऱ्या कुंतीच्या रोपांवर बसून तो राज्यभर गेला. २००५ साली त्याने वाहिलेला ग्रीनिंग रोग प्रकट झाला. चक्रीवादळांचाही वाटा असला, तरी मुख्यतः या रोगामुळे तेथील संत्र्यांचे उत्पादन दोन दशकांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. हा कीटक आपल्याकडेही आहे आणि तो कढीपत्त्यावरही वाढतो. ज्यांच्या बागेत लिंबू वा महाळुंग आहे, त्यांनी कढीपत्त्याचे अथवा कुंतीचे रोप आणताना कोवळ्या शेंड्याची पाने उलटून पाहावीत.

बीज घेतले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. सब्जावरील केवडा रोग २००१ साली स्वित्झर्लंडमध्ये, २००३ साली इटलीत व २००७ साली अमेरिकेत आढळला. खंड ओलांडण्याच्या या प्रवासात दूषित बियाण्याचा मोठा हात मानला जातो. मात्र सामान्यतः बियांपेक्षा छाट कलम, कंद व मुळांचे तुकडे यांतून रोग जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते; कारण तेथे मातृवृक्षाचा प्रत्यक्ष अंशच आपण नेत असतो. आपली गुळवेल, अडुळसा, पिंपळी, नागवेल, हळद, आले ही सारी याच मार्गाने वाढतात, हे ध्यानात ठेवावे.

परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी १९१४ चा विनाशकारी कीड व रोगविषयक कायदा आणि त्याखालील २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे. मात्र एका वैद्याच्या परसातून दुसऱ्याच्या परसात जाणाऱ्या रोपाला कोणी अधिकारी अडवीत नाही. तेथे आपणच अधिकारी आहोत.

औषधनिर्मात्यांसाठी काही विशेष

आपल्या वाचकांतील औषधनिर्मात्यांना हा विषय केवळ परसबागेचा वाटू नये. वैद्य बेणे देतो ते पाच-दहा जणांना. औषधशाळा शेतकऱ्यांशी करार करून बेणे पुरविते, तेव्हा एकच दूषित खेप एका हंगामात अनेक गावांत पोहोचते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या २००० सालच्या स्थापनेनंतर औषधींच्या लागवडीस चालना मिळाली, हे स्वागतार्हच आहे. त्याबरोबर शुद्ध लागवड-साहित्याची जबाबदारीही वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही लागवडीचे साहित्य शक्य तितके रोगमुक्त असावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरी गोष्ट टाकाऊ मालाची. ओले आले, ओली हळद, शतावरीची मुळे निवडताना कुजका भाग बाजूला काढला जातो, कंद धुतलेले पाणी साचते. हा चोथा व हे पाणी औषधशाळेच्या मागील उद्यानातच सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. बाजारातून आलेला माल कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या वाफ्यातील, हे आपणास ठाऊक नसते. त्याचे धुवण स्वतःच्या बागेत घालणे म्हणजे अनोळखी रुग्णाचे वस्त्र घरच्या मुलास नेसविण्यासारखे आहे. ते पाणी लागवडीपासून दूर शोषखड्ड्यात जिरवावे. कुजका भाग खोल पुरावा.

तिसरी गोष्ट गुणवत्तेची. कृमी, विष, अग्नी, जल इत्यादींनी उपहत न झालेले द्रव्यच औषधासाठी घ्यावे, असे सुश्रुताचार्यांनी भूमिप्रविभागीय अध्यायात बजावले आहे. रोग शेतात शिरला की शेतकरी फवारणीकडे वळतो. मग कच्च्या द्रव्यातील कीटकनाशकांच्या अंशाचा प्रश्न प्रयोगशाळेच्या अहवालात उभा राहतो. त्या अहवालाची सुरुवात पुष्कळदा आपणच पुरविलेल्या बेण्यात असते.

वृक्षायुर्वेदाची मर्यादा

आपल्या परंपरेत वृक्षायुर्वेद आहे, मग चिंता कसली, असे एका वैद्यमित्रांनी विचारले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून उपलब्ध होऊन १९९६ साली नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध झाली. त्यात वृक्षांचे व्याधी वात, पित्त व कफ यांनुसार वर्गीकृत आहेत. विडंगादी द्रव्यांचे लेप व धूपन आहे. कुणपजलाचा प्रयोग आहे. हा आपला गौरवास्पद ठेवा आहे आणि त्यातील प्रयोग नीट नोंदी ठेवून करून पाहणे हे आपले कर्तव्यच आहे.

तथापि कुणपजल हे प्रामुख्याने पोषण आहे. सुपोषित झाड काही व्याधी सहन करील, पण मर रोगाचा दूषित कंद कुणपजलाने शुद्ध होत नाही. अप्पांच्या वाफ्यात मी स्वतः ते वापरून पाहिले, उपयोग झाला नाही. ट्रायकोडर्मासारखी उपकारक बुरशी कंदकुजीच्या प्रतिबंधास साहाय्य करते, जिवाणूजन्य मरीवर तिचा भरवसा धरता येत नाही. मोरचूद व कळीचा चुना यांचे बोर्डो मिश्रण पानांवरील अनेक बुरशीजन्य रोगांस प्रतिबंध करते, पण मातीतील सूत्रकृमींना नाही. जेथे चिकित्सा दुर्बळ तेथे निदानपरिवर्जन हीच श्रेष्ठ चिकित्सा, हे आपण रुग्णास नित्य सांगतो. तेच येथेही खरे.

आचरणाचे नियम

औपसर्गिक रोग प्रसंग, गात्रसंस्पर्श, सहभोजन, एका शय्येवर निजणे, दुसऱ्याची वस्त्रे, माळा व अनुलेपन वापरणे यांतून एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होतात, असे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगितले आहे. बागेत कात्री, खुरपे, जुनी कुंडी व उसनी माती ही त्या वस्त्रमाल्यांच्या जागी आहेत. गेल्या काही वर्षांत मी व माझे काही सहकारी पुढील नियम पाळत आलो आहोत.

देणाऱ्याने :

१. बेणे खोदल्यावर निवडू नये. पीक हिरवे उभे असतानाच, भाद्रपद-आश्विनात, निरोगी वाफा निवडून खूण करावी. ज्या वाफ्यात एकही गड्डा मेला असेल, त्यातील एकही कंद बेण्यासाठी देऊ नये.

२. शंका आल्यास वर सांगितलेली पेल्यातील परीक्षा करावी. पांढरे धागे उतरले तर जिवाणूजन्य मर समजावी. धागे दिसत नाहीत, परंतु बुंधा मऊ व पाणीदार होऊन फुटवा ओढताच हातात येतो, तर कंदकुजीची शक्यता अधिक. निर्णय मात्र कृषितज्ज्ञांकडून करून घ्यावा.

३. शक्य तेथे मातीसह रोप देण्याऐवजी बी अथवा धुतलेले छाट द्यावे. मूळ तपासल्याविना पिशवीतील रोप देऊ नये. मुळावर गाठी दिसल्यास ते रोप नष्ट करावे.

४. आपल्या बागेत जो रोग येऊन गेला तो लपवू नये. देताना स्पष्ट सांगावे. माझ्याकडून हेच राहून गेले होते.

घेणाऱ्याने :

१. नवे रोप थेट वाफ्यात लावू नये. मुख्य बागेपासून दूर, विटांवर ठेवलेल्या कुंडीत किमान सहा आठवडे ठेवावे. कंदवर्गीय औषधी एक पूर्ण पावसाळा वेगळ्या ठेवणे उत्तम. २०२० नंतर विलगीकरण हा शब्द घराघरांत पोहोचला आहे, त्याचा अर्थ येथे लावावा.

२. त्या कुंडीचे निथळलेले पाणी वाफ्यात जाऊ देऊ नये. तिचे काम दिवसाच्या अखेरीस करावे. आधी निरोगी झाडे, मग नवी, शेवटी आजारी, हा क्रम माळ्यास पक्का शिकवावा.

३. रोप कोणाकडून, कोणत्या दिवशी आले, याची वहीत नोंद ठेवावी. रोग उद्भवल्यास देणाऱ्यास तत्काळ कळवावे. यात उपकाराची परतफेड आहे, तक्रार नाही.

दोघांनीही :

१. कात्री व विळा एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्यापूर्वी माती पुसून स्पिरिटने पुसावा. सत्तर टक्के स्पिरिट प्रत्येक वैद्याच्या टेबलावर असतेच. कुदळ-फावडी धुऊन उन्हात वाळवावीत.

२. दुसऱ्याची बाग पाहून आल्यावर पादत्राणांचा तळवा घासून धुतल्याशिवाय स्वतःच्या वाफ्यात जाऊ नये. वनौषधी उद्यानांच्या अभ्यासभेटी आयोजित करणाऱ्या अध्यापकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

३. मेलेले झाड परसातील खतखड्ड्यात टाकू नये. खताचा ढीग पुरेसा तापला, म्हणजे ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिला, तर पुष्कळ रोगकारक मरतात. पण आपले लहान ढीग सहसा तितके तापत नाहीत. असे झाड मुळांसह, भोवतालच्या मातीसह काढून लागवडीपासून दूर खोल पुरावे.

४. रोग येऊन गेलेल्या वाफ्यावर एप्रिल-मे महिन्यांत माती ओली करून, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने बंद करून चार ते सहा आठवडे ठेवावे. सूर्यतापाने मातीतील बुरशी व सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात कमी होतात. हा आतपस्वेद संपूर्ण शुद्धी करत नाही, म्हणून त्या जागी तेच पीक लगेच घेऊ नये.

समारोप

आपल्या शाखांच्या मेळाव्यांत रोपांची देवघेव होते. ती थांबवावी असा या लेखाचा हेतू मुळीच नाही. वनांत औषधी दुर्मिळ होत असताना एकाच्या बागेतील वाण दहा बागांत असणे हेच त्याच्या रक्षणाचे साधन आहे. परंतु त्यासाठी दहाही बागा निरोगी राहिल्या पाहिजेत. प्रत्येक रोपासोबत एक लहान चिठ्ठी द्यावी, एवढीच शाखांच्या कार्यकारिणीस विनंती आहे. तिच्यावर द्रव्याचे नाव, कोणाच्या बागेतील, कोणत्या महिन्यात काढले आणि त्या बागेत गेल्या वर्षी कोणता रोग दिसला, इतकेच लिहावे. आपण औषधाच्या बाटलीवर बॅच क्रमांक लिहितो, तसेच हे.

अप्पांनी त्या प्रसंगानंतर मला कधीही बोल लावला नाही. गेल्या ज्येष्ठात त्यांनी आपल्या जुन्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचे दोन छाट माझ्याकडे पाठविले. निंबावरची गुळवेल मला बरीच वर्षे हवी होती. छाट पाण्याने स्वच्छ धुतलेले होते आणि दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. थरथरत्या अक्षरात त्यांनी लिहिले होते, "वेलीवर या वर्षी काही दिसले नाही. तरी दोन महिने वेगळी ठेवा."

मी ती वेगळी ठेवली. आश्विनात वाफ्याच्या कडेला लावली आहे.